शेवटच्या रात्रीचा अर्ज

१८८३ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, रोझेल या गावी, अठरा वर्षांच्या एका मुलीनं कॉलेजप्रवेशासाठी पत्र लिहिलं. मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. पत्र फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या नावे होतं आणि त्यावर तारीख होती २८ जून. कलकत्त्याहून निघालेल्या बोटीतून न्यूयॉर्कला उतरून तिला महिनाही झाला नव्हता. कॉलेजच्या सगळ्या अटींत आपण बसत नाही, हे तिनं पत्रात सरळ कबूल केलं. आपली गोष्ट इतरांहून वेगळी आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं, असंही कळवलं. कॉलेजनं सांभाळून घेतलं. त्याच शरदात ती वर्गात बसली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली.

हा सगळा अर्ज म्हणजे हातानं लिहिलेलं एक पत्र. त्यामागचा पाठपुरावा मात्र बरीच वर्षं चालला होता आणि तो केला होता तिच्या नवऱ्यानं, गोपाळरावांनी. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी १८७८ पासूनच मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यातलं एक पत्र मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापून आलं, ते रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं आणि तिथून पुढचं सारं घडलं. गोपाळरावांच्या तगाद्याची रीत आज कुणी अनुकरणीय म्हणणार नाही. पण शिकणाऱ्याच्या मागे हात धुऊन लागणारं घरचं माणूस अमेरिकी कॉलेजच्या दारात तेव्हाही उभं होतं, एवढं खरं.

आज त्याच न्यू जर्सीतल्या मराठी घरात सतरा-अठरा वर्षांची मुलं असतील, तर नोव्हेंबर-डिसेंबरात घरातलं बोलणं एकाच विषयावर येऊन थांबतं. निबंध झाला का? शिफारसपत्राचं शिक्षकांना सांगितलंस का? मुलगा ‘हो, करतोय’ म्हणतो आणि खोलीचं दार लावून घेतो. ३१ डिसेंबरला बाहेर नव्या वर्षाची आतषबाजी सुरू होते, तेव्हा तो पाचव्या कॉलेजच्या तिसऱ्या पुरवणी प्रश्नावर अडलेला असतो. आईबाप याला आळस म्हणतात. तो असतोही. पण एका पत्राचं चार-पाच महिन्यांचं काम कसं झालं, हे पाहिलं तर सगळं खापर त्या पोरावर फोडवत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कॉलेजला अर्ज नावाच्या प्रकरणाची फारशी गरजच नव्हती. प्रवेश म्हणजे परीक्षा. हार्वर्डच्या १८६९ च्या परीक्षेत लॅटिन आणि ग्रीक होतं, इतिहास-भूगोल होता, गणित होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलगा कॉलेजात जाऊन पेपर द्यायचा. ती परीक्षा हुकली किंवा बिघडली, तर सत्र सुरू होण्याआधी सप्टेंबरात दुसरी असायची. एखादा विषय कच्चा राहिला, तर तो नंतर पुरा करण्याच्या अटीवर आत घेत. आपल्याकडेही तऱ्हा निराळी नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि रानडे-भांडारकरांची पिढी तिच्यातून पुढे गेली. इथे काय, तिथे काय, चालढकल करायची ती अभ्यासात. अर्जात करायला जागाच नव्हती.

तक्रार होती ती शाळामास्तरांची. दर कॉलेजचा अभ्यासक्रम निराळा. कुणाला अमुक लॅटिन ग्रंथ हवा, कुणाला तमुक. एकाच वर्गातल्या मुलांची तयारी चार तऱ्हांनी करून घ्यावी लागे. नेवार्क अकॅडमीचे विल्सन फॅरंड यांनी १८९५ मध्ये हे गाऱ्हाणं जाहीरपणे मांडलं. कोलंबियाचे निकोलस मरे बटलर आणि हार्वर्डचे चार्ल्स एलियट यांच्यासारखी वजनदार माणसं मागे उभी राहिली आणि कॉलेज बोर्ड स्थापन झालं. जून १९०१ मध्ये त्याची पहिली सामाईक परीक्षा झाली. अमेरिकेत ६७ ठिकाणी आणि युरोपात दोन ठिकाणी मिळून ९७३ मुलं बसली. निरनिराळ्या दरवाजांना एक किल्ली करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. तो साधला, आणि पुढची अडचण त्याच्या यशातूनच उभी राहिली.

परीक्षेला माणूस दिसत नाही, गुण दिसतात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकून या परीक्षा धडाधड पास होऊ लागली. कोलंबियात आणि हार्वर्डमध्ये त्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि जुन्या घराण्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांवर १५ टक्क्यांची मर्यादा घालावी असं सुचवलं. उघड मर्यादा प्राध्यापकांच्या समितीला मानवली नाही. मग आडवाट निघाली, ती फॉर्ममधून. कोलंबियानं पहिल्या महायुद्धानंतर आठ पानी अर्ज काढला. त्यात फोटो मागितला, धर्म विचारला, वडिलांचं जन्मगाव आणि आईचं माहेरचं नाव विचारलं. हार्वर्डच्या १९२२ च्या अर्जात तर जन्मापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का, असा प्रश्न आला. आडनावावरून काय काय शोधलं जातं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

मुलाचं ‘चारित्र्य’, त्याचं व्यक्तिमत्त्व, शिफारसपत्रं, मुलाखत, माजी विद्यार्थ्यांचा अभिप्राय हे सगळं प्रवेशात आलं ते या काळात. १९२६ मध्ये हार्वर्डनं पहिल्या वर्षाची संख्या हजारावर बांधली आणि निवडीचा अधिकार पुरता हाती घेतला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सॅट ही नवी चाचणी प्रथमच झाली आणि तिला आठ हजारांवर मुलं बसली. मात्र परीक्षा कितीही सुधारली तरी फॉर्म मागे हटला नाही. स्वतःविषयी लिहा, असं आज ज्या आपुलकीनं मुलांना सांगितलं जातं, त्या प्रश्नाची वंशावळ इतकी सोज्वळ नाही.

तरीही तो फॉर्म अजून मनावर दडपण आणणारा झाला नव्हता. याचा नामी पुरावा १९३५ चा आहे. सतरा वर्षांच्या जॉन केनेडीनं हार्वर्डला अर्ज केला. चोट शाळेतल्या ११२ मुलांत त्याचा नंबर ६४वा. हार्वर्डला का यायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यानं पाच वाक्यांत आटोपलं. इथे शिक्षण चांगलं मिळेल, मला नेहमीच इथे यायचं होतं, वडीलही इथलेच आणि हार्वर्डचा म्हणवून घेण्यात मान आहे, एवढाच त्याचा सारांश. प्रिन्स्टनच्या अर्जात त्यानं जवळपास हाच मजकूर कॉलेजचं नाव बदलून लिहिला. आजच्या समुपदेशकानं तो कागद लाल शाईनं भरून परत केला असता.

त्याहून मासलेवाईक आहे ते वडिलांचं पत्र. जोसेफ केनेडी तेव्हा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नव्या सरकारी आयोगाचे अध्यक्ष होते. मुलाची भलामण करण्यासाठी हार्वर्डच्या डीनना लिहिताना त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं की, ज्यात रस आहे तिथे याची बुद्धी तल्लख चालते, रस नसेल तिथे हा बेफिकीर असतो, नेट धरत नाही आणि हा दोष लहान नव्हे. सतरा वर्षांच्या मुलांच्या अर्ध्याअधिक बापांनी सही करावी असं हे निदान. हार्वर्डनं मुलाला घेतलं. तो आधी मित्रांपाठोपाठ प्रिन्स्टनला गेला, आजारी पडून डिसेंबरात परतला आणि १९३६ मध्ये हार्वर्डमध्ये दाखल झाला. पैसा आणि घराणं पाठीशी असलेल्या मुलाची टंगळमंगळ त्या काळी अशी सहज खपून जाई.

खपणं बंद झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत आले. पाठोपाठ युद्धानंतर जन्मलेली प्रचंड पिढी १९६४ च्या सुमारास अठराची झाली. एका कॉलेजला अर्ज करून निर्धास्त बसणारा मुलगा आता दोन-चार ठिकाणी अर्ज टाकू लागला. त्यामुळे कॉलेजांची पंचाईत झाली, कारण ज्यांना प्रवेश दिला त्यांतले किती येणार, हेच कळेना. मग तारखा बांधल्या गेल्या. मुलांनी आपला निर्णय कळवण्याचा सामाईक दिवस १ मे ठरला. ज्यांचं मन आधीच एका कॉलेजवर बसलं आहे त्यांच्यासाठी शरदातच अर्ज आणि शरदातच निकाल, अशी ‘अर्ली डिसिजन’ची प्रथा १९५० च्या दशकात आली. पुढे १ नोव्हेंबर आणि १ जानेवारी या तारखा घरोघरी पाठ झाल्या. हे वेळापत्रक मुलांच्या सोयीसाठी बनलं नव्हतं. वर्गातली बाकं बरोबर भरावीत, ही त्यामागची गरज होती.

त्या काळचा अर्ज कागदी होता. आधी कॉलेजला पत्र घालून फॉर्म मागवायचा, मग टाइपरायटरवर बसायचं. दर फॉर्मवर तेच नाव, तोच पत्ता, त्याच शाळेची तीच माहिती. ही हमाली कमी व्हावी म्हणून १९७५ मध्ये १५ खासगी कॉलेजांनी एकच सामाईक फॉर्म मान्य केला. एकदा भरा, प्रती काढा आणि पाठवा. हाच तो ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’. १९९४ मध्ये हार्वर्ड त्यात आलं, १९९८ मध्ये तो इंटरनेटवर गेला आणि आता हजाराहून अधिक कॉलेजं त्यात आहेत.

इथे इतिहासानं जुनीच खोडी काढली. एक अर्ज पाठवणं सोपं झालं म्हणून मुलं जास्त अर्ज पाठवू लागली. अर्ज वाढले म्हणून प्रवेशाचं प्रमाण घसरलं. प्रमाण घसरलं म्हणून धास्तावलेली मुलं आणखी दोन कॉलेजं यादीत घालू लागली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डला अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांना प्रवेश मिळे. २०२१ मध्ये ५७ हजारांवर अर्ज आले आणि दोन हजारही मुलं घेतली नाहीत. कोविडमुळे सॅटची सक्ती उठली होती, तिचाही त्या लोंढ्यात हात होता. इतक्या गर्दीत खरोखर इच्छुक कोण हे ओळखायचं कसं? म्हणून कॉलेजांनी सामाईक फॉर्मच्या शेपटीला आपापले पुरवणी प्रश्न बांधले. ‘आमचंच कॉलेज का?’ हा त्यातला ठरलेला. केनेडीची युक्ती इथे चालत नाही. वाचून मुलं जोखणारी अख्खी कचेरी आता समोर असते.

मुख्य निबंधाला २०१३ पासून ६५० शब्दांची मर्यादा आहे. शब्द मोजकेच, पण विषय ‘मी’. गणिताच्या पेपरात उत्तर असतं, ते येतं किंवा येत नाही. इथे सतरा वर्षांच्या मुलानं आपल्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग शोधायचा. अनेकांच्या आयुष्यात असा प्रसंग अजून यायचाच असतो. मुलगा कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो आणि बाहेरून ते टाळाटाळ केल्यासारखं दिसतं. पुष्कळदा ते न सुचणं असतं.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानं दार उघडल्यावर अमेरिकेत गेलेल्या मराठी पालकांना हे प्रकरण आणखीच अनोळखी. पुण्या-मुंबईत त्यांचं स्वतःचं अ‍ॅडमिशन म्हणजे जूनच्या पावसातली धावपळ होती. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, साक्षांकित प्रती, रांग आणि बोर्डावर लागलेली यादी. दोन-चार दिवसांत गंगेत घोडं न्हायचं. ‘तू कोण आहेस?’ असं त्यांना कुठल्या कॉलेजनं विचारलं नव्हतं. शिवाय मुदतीविषयीचा त्यांचा अनुभवही निराळा. विलंब शुल्क असतं, त्यानंतर अतिविलंब शुल्क असतं आणि सगळं संपल्यावर मुदतवाढ असतेच. अमेरिकी अर्जाची खिडकी मात्र मुलाच्या गावच्या घड्याळात रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी मिटते.

म्हणजे सहसा मिटते. २०१३ च्या शरदात कॉमन अ‍ॅपची नवी संगणकप्रणाली सुरू झाली आणि कोसळली. कुणाला आत शिरता येईना, कुणाला फी भरली गेली की नाही हे कळेना. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक यांनी १५ ऑक्टोबरची मुदत वाढवली, पाठोपाठ १ नोव्हेंबरवाल्या अनेकांनी तेच केलं. अर्थसाहाय्यासाठी भरायचा सरकारी फॉर्म, ‘फाफ्सा’, २०२३ मध्ये सोपा करून नव्यानं आणायचा होता. तो ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, माहिती कॉलेजांकडे पोचायला मार्च उजाडला आणि अनेक कॉलेजांनी आपली पवित्र १ मे तारीखही पुढे ढकलली. उशीर फक्त पोरंच करतात असं नाही.

मुलाला मदत करण्याचा धंदा या सगळ्याबरोबर वाढला. शाळेतला समुपदेशक हा पहिला आधार. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. देशाची सरासरी बरीच वर्षं चारशेच्या आसपास किंवा त्याच्याही वर राहिली आहे. उरलेली जागा ज्यांना परवडतं त्यांच्या घरी खासगी सल्लागारांनी भरली आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी आईनं. या धंद्याचं टोक मार्च २०१९ मध्ये उघडं पडलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागारानं श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन सॅटचे गुण फुगवले होते, खेळाचं नाव नसलेल्या मुलांना खेळाडू म्हणून घुसवलं होतं. पन्नासहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. काही मुलांना तर आपल्यासाठी काय केलं गेलं आहे, हे ठाऊकही नव्हतं.

खरी मदत कशानं होते, याचा शोध घेणाऱ्यांच्या हाती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे लागलं, ते तगादा लावणाऱ्यांना फारसं रुचणारं नाही. डॅन एरियली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही कामं दिली. कुणाला सगळ्या कामासाठी एकच शेवटची तारीख, कुणाला स्वतः तारखा ठरवण्याची मुभा, कुणाला सारख्या अंतरानं बांधून दिलेल्या तारखा. शेवटच्या एका तारखेवाल्यांनी सर्वांत वाईट काम केलं आणि बांधून दिलेल्या टप्प्यांवाल्यांनी सर्वांत चांगलं. स्वतः तारखा ठरवणारे मध्ये राहिले. १ जानेवारी ही नेमकी पहिल्या तऱ्हेची तारीख आहे.

दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एच अँड आर ब्लॉक या करसल्लागार कंपनीला हाताशी धरलं. कमी उत्पन्नाची कुटुंबं तिथे आयकराचं विवरणपत्र भरायला येत. फाफ्सात तेव्हा शंभरावर प्रश्न होते, पण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या विवरणपत्रातच असत. टेबलापलीकडच्या माणसानं तिथल्या तिथे, दहाएक मिनिटांत, फॉर्म भरून दिला. त्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या एका गटाला किती अर्थसाहाय्य मिळू शकतं ही माहिती दिली, आकडा काढून दिला, पण फॉर्म ज्याचा त्यानं भरायचा होता. त्या गटात काहीच फरक पडला नाही.

मग मोबाईलवर आठवण करून देण्याची लाट आली. २०१२ च्या उन्हाळ्यात बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी, प्रवेश मिळूनही सत्र सुरू होईतो गळून जाणाऱ्या मुलांना संदेश पाठवले. मागे समुपदेशक उभा होता, मुलानं उत्तर दिलं तर बोलायला माणूस होता. खर्च डोक्यामागे सात डॉलर आणि परिणाम चांगला. असाच उपाय पुढे कॉमन अ‍ॅपसारख्या यंत्रणांमार्फत सुमारे आठ लाख विद्यार्थ्यांवर करून पाहिला, तेव्हा परिणाम शून्य. लाखोंना एकदम पाठवलेल्या संदेशाला मुलं घरातल्या भुणभुणीइतकीच किंमत देतात, असं म्हणायला हरकत नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या एका हायस्कूलात २००५ मध्ये सुरू झालेला मार्ग याहून साधा होता. शाळेच्याच वेळेत, शाळेच्याच संगणकांवर, शेजारी मोठं माणूस बसवून मुलांकडून अर्ज भरून घ्यायचे. घरी जाऊन करतो, हा पर्यायच ठेवायचा नाही. ही प्रथा हळूहळू राज्याराज्यांत पसरली.

आयडाहो राज्य २०१५ मध्ये याच्याही पुढे गेलं. तिथे अकरावीच्या मुलांची सॅट शाळेतच होते आणि खर्च सरकार करतं, म्हणजे गुण सरकारकडे होतेच. मग मुलानं अर्ज करावा आणि कॉलेजनं उत्तर द्यावं, हा क्रमच उलटा केला. सरकारी शाळांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी पत्र गेलं की, तुम्हाला प्रवेश मिळालेला आहे. ज्यांचे गुण चांगले त्यांना राज्यातल्या आठही सरकारी संस्थांत, बाकीच्यांना सहा संस्थांत. पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांची संख्या काही टक्क्यांनी वाढली, मुख्यतः दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत. गरीब घरांतल्या मुलांच्या संख्येत मात्र फारसा फरक दिसला नाही. पत्र हातात पडलं तरी जागा पक्की करायला एक अर्ज भरावा लागतोच. तोही २०१७ मध्ये राज्यानं सर्व संस्थांसाठी एकच आणि बिनफीचा केला. फाफ्सा अजूनही ज्याचा त्यानंच भरायचा असतो.